तयार भाड्याचं घर : सोय किती, जोखीम कोणाची?

(पुण्यातील युवा अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा लिखित मजकूर)



मला आज 'पहिली गुंतवणूक' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गुंतवणूक सल्लागार नाही आणि मुफ्ती तर अजिबात नाही. म्हणून सोनं, शेअर, म्युच्युअल फंड असा सगळा बाजार मांडत बसत नाही. मी स्वतः जी एक गोष्ट केली, जिच्यात थोडं कमावलं आणि बरंच शिकलो, तिच्याबद्दलच बोलतो. भाडेकरूसकट मिळणारा तयार फ्लॅट.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर ही जाहिरात येत असेल. फर्निचर लावलेला वन बीएचके, आत भाडेकरू राहतोय, पहिल्या महिन्यापासून भाडं खात्यात, देखभाल सगळी आमच्याकडे, तुम्ही फक्त सही करा. इंग्रजीत याला 'टर्नकी' म्हणतात. किल्ली फिरवली की काम सुरू. अमेरिकेत हा धंदा जुना आहे. मेम्फिस, इंडियानापोलिस, क्लीव्हलँड अशा तुलनेने स्वस्त शहरांत कंपन्या जुनी घरं घेतात, दुरुस्त करतात, भाडेकरू बसवतात आणि कॅलिफोर्नियासारख्या महागड्या भागात राहणाऱ्या नोकरदारांना विकतात. घेणाऱ्याने ते घर पाहिलेलंही नसतं. आपल्याकडे हेच 'प्री-लीज्ड', 'रेडी रेंटल', 'अशुअर्ड रेंट' अशा नावांनी हिंजवडी, वाकड, खराडी या आयटीच्या पट्ट्यात विकलं जातं.

२०१९ मध्ये माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी परदेशात होतो, माझीही थोडी बचत होती. अब्बांची एकच अट होती की व्याजाचं कर्ज काढायचं नाही. दोघांचे पैसे एकत्र करून आम्ही पिंपरी-चिंचवडच्या बाजूला असाच एक तयार फ्लॅट घेतला. पुढे काय झालं ते सांगतोच. आधी या प्रकारात चांगलं काय आहे ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण चांगलंही आहे.

फायदे खरे आहेत

पहिला फायदा, घर उभं असतं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे अडकवून पाच-सात वर्षं ताब्याची वाट पाहणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ पासून महारेरा काम करू लागलं, तेव्हापासून दाद मागायला जागा मिळाली. पण दाद मागत बसण्यापेक्षा तयार घर बरं. शिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर साधारणपणे ५ टक्के लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का.

दुसरा फायदा, आकडे तपासता येतात. रिकाम्या फ्लॅटचं भाडं किती येईल हा अंदाज असतो. भाडेकरू असलेल्या फ्लॅटचं भाडं बँकेच्या उताऱ्यात दिसतं.

तिसरा फायदा, वेळ. जो परदेशात आहे, जी एकटी बाई नोकरी आणि घर दोन्ही सांभाळते, ज्या आजारी माणसाला प्लंबरच्या मागे फिरणं शक्य नाही, त्यांच्यासाठी देखभाल करणारी चांगली संस्था म्हणजे मोठी सोय आहे. त्यासाठी पैसे देण्यात गैर काहीच नाही.

आता हिशोब मांडू.

वहीतला हिशोब

समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे आणि भाडं महिना १८ हजार. विकणारा सांगतो, वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे ४.३ टक्के. वर किंमत वाढेल ती वेगळी. हा आकडा खोटा नाही, पण अर्धाच आहे.

आधी घराची खरी किंमत काढू. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. वकील २० हजार धरा. दलाली १ टक्का, ५० हजार. तुमच्या खिशातून गेले साडेचोपन्न लाख.

आता उत्पन्न. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरायलाच हवं. एक भाडेकरू जातो, रंग मारावा लागतो, दुसरा येतो. उरले ११ महिने, १ लाख ९८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार, वर्षाचे ३० हजार. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. तुमची सोसायटी जास्त मागत असेल तर हा आदेश दाखवा. त्याचे ३ हजार. मालमत्ता कर १२ हजार. देखभाल कंपनीचे ८ टक्के, साधारण १६ हजार. गिझर, नळ, ओल, सोफ्याचं कापड यासाठी १५ हजार. एकूण ७६ हजार गेले. हातात राहिले १ लाख २२ हजार.

साडेचोपन्न लाखांवर १ लाख २२ हजार म्हणजे सव्वादोन टक्के. ४.३ चे सव्वादोन झाले, तेही आयकराच्या आधी. आयकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मेंटेनन्स, दुरुस्ती, कंपनीची फी हे वेगळं वजा करता येत नाही.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या फ्लॅटचे घाला, पण रकाने एवढेच ठेवा. विकणाऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये 'रिकामा महिना' आणि 'दुरुस्ती' हे दोन रकाने आहेत का, ते आधी बघा. मला दिलेल्या शीटमध्ये दोन्ही नव्हते, आणि रोज दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढणाऱ्या मला ते दिसलं नाही.

कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी एक बेरीज. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता महिना सुमारे ३४ हजार ७०० रुपये. भाड्यातून खर्च जाऊन महिन्याला हाती येतात १० हजार. म्हणजे २४ हजारांहून जास्त दर महिन्याला पगारातून. 'भाडेकरूच तुमचा हप्ता फेडतो' असं जे सांगतात, ते या हिशोबात बसत नाही. आणि नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराच्या व्याजाचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग लोक का घेतात? किंमत वाढेल या आशेवर. ती वाढू शकते, अनेकांची वाढली आहे. पण आशा उत्पन्नाच्या रकान्यात लिहायची नसते. विकताना नफ्यावर करही आहे. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर साधारण १२.५ टक्के.

हमीचं भाडं

काही योजनांत सांगतात, भाडेकरू असो वा नसो, दोन वर्षं दरमहा २३ हजार आम्ही देऊ. ऐकायला गोड वाटतं. बाजारात त्या घराचं भाडं १८ हजार असेल, तर कंपनी महिन्याला ५ हजार जास्त देते. दोन वर्षांचे झाले १ लाख २० हजार. आता शेजारच्या इमारतीत तसाच फ्लॅट काय दराने विकला गेला ते बघा. राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेले व्यवहार शोधता येतात. तुमचा फ्लॅट त्याहून चार लाखांनी महाग असेल, तर ती हमी तुमच्याच पैशातून दिली जाते आहे, आणि दोन वर्षांनी भाडं १८ हजारांवर येणारच आहे.

आपल्यापैकी जे व्याज टाळतात त्यांनी इथे आणखी एक विचार करावा. घर वापरायला देऊन घेतलेलं भाडं हलाल आहे, याबद्दल वाद नाही. पण घर रिकामं असतानाही ठरलेली रक्कम येत असेल, तर ती नक्की कशाची? घराच्या वापराची की गुंतवलेल्या रकमेची? इस्लामी व्यापारविचारात एक जुनं तत्त्व आहे की ज्याच्या अंगावर जोखीम, त्याचा नफा. यावर निकाल देणं माझं काम नाही. तुमच्या भरवशाच्या आलिमांना कागद दाखवून विचारा, जाहिरात दाखवून नको.

कर्जाबद्दलही आपल्यात मतं वेगळी आहेत. स्वतः राहायच्या घरासाठी मजबुरी म्हणून कर्ज घेणारे आहेत, न घेणारेही आहेत. देशात इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. त्यामुळे तो मार्ग आज बँकेत उपलब्ध नाही. पण भाड्याने द्यायच्या घरासाठी मजबुरी कुठली? मला वाटतं, ज्याला व्याज पटत नाही त्याने दुसऱ्या घरासाठी स्वतःला सूट देऊ नये. भाऊ-बहिणींनी मिळून, लेखी हिस्से ठरवून, छोटं घर रोखीने घेणं हा मार्ग उघडा आहे.

कागद कोणी तपासायचे?

टर्नकीमध्ये सगळं विकणारा करून देतो. वकील त्यांचा, तपासणी त्यांची, भाडेकरू त्यांनी आणलेला, भाडंही त्यांनी ठरवलेलं. नवख्या माणसासाठी सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. वकील स्वतःचा लावा. २० हजार वाचवायला जाऊन ५० लाख अडकवू नका.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बघा. मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर ही ५० लाखांची मर्यादा लागू नसते आणि दरही बराच जास्त असतो. कापला नाही तर नोटीस तुम्हाला येते. तयार फ्लॅट विकणाऱ्यांत परदेशात राहणारे मालक बरेच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

भाडेकरूचे कागदही तितकेच महत्त्वाचे. महाराष्ट्रात भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, उलट सिद्ध करणं मालकावर येतं. आणि आपल्याकडचे बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स' असतात. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्याप्रमाणे असं घर विकलं गेलं की जुना परवाना नव्या मालकाला आपोआप बांधत नाही. 'भाडेकरूसकट घर' असं ज्याला आपण म्हणतो, त्यात भाडेकरूशी तुमचा करार अजून झालेलाच नसतो. खरेदीच्या दिवशी नवा करार तुमच्या नावाने करा आणि त्याचं डिपॉझिट विकणाऱ्याकडून तुमच्या खात्यात घ्या.

खरेदीआधी त्या भाडेकरूला एकदा भेटा. कंपनीचा माणूस सोबत नसताना. पाणी कसं येतं, लिफ्ट चालते का, भाडं खरंच किती देता. वॉचमनशी दोन शब्द बोला. अर्ध्या तासाचं हे काम आहे.

स्वस्त घराचा मोह

आता कोणीतरी म्हणेल, सव्वादोन टक्क्यांत काय ठेवलंय, आमच्या भागात १५ लाखांत फ्लॅट मिळतो आणि ८ हजार भाडं येतं. हिशोबाने साडेसहा टक्क्यांच्या जवळ. मुंब्रा, भिवंडी, कोंढव्याच्या काही गल्ल्या, सगळीकडे हे ऐकायला मिळतं. पण ते घर स्वस्त का आहे? ओसी नाही, मंजूर नकाशा नाही, खरेदीखत नाही, फक्त नोटरी केलेला कागद किंवा कुलमुखत्यारपत्र. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे की कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की काही बँका मुस्लीम वस्त्यांचे भाग 'निगेटिव्ह झोन' ठरवतात आणि तिथे कर्ज सहज मिळत नाही. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण गुंतवणूकदार म्हणून त्याचा अर्थही समजून घ्या. ज्या इमारतीवर बँक कर्ज देत नाही, तिथे तुमचा फ्लॅट पुढे रोखीवाल्यालाच विकता येतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वरचे मजले बांधले जात होते आणि खाली कुटुंबं राहायला आली होती. अशा इमारतीत आपण मालक म्हणून भाडं घेतो, तेव्हा धोक्यात कोण झोपलेलं असतं? आपण नसतो. ज्याला दुसरीकडे घर मिळालं नाही, तो असतो. ज्या घरात स्वतःच्या बहिणीला राहू देणार नाही, ते घर भाड्यासाठी घेऊ नका.

माझ्या घराच्या दारात

आता माझी गोष्ट. घर घेतलं, पहिलं वर्ष चांगलं गेलं. २०२० मध्ये लॉकडाउन लागला, भाडेकरू गावी गेला. हमीचं भाडं बंद झालं. कंपनीने करारातलं 'अनपेक्षित आपत्ती'चं कलम दाखवलं. चार महिने घर रिकामं होतं. तेव्हा सगळ्यांचंच नुकसान होत होतं, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

२०२१ च्या शेवटी मी भारतात परतलो. ऑफिसात परभणीचा एक मुलगा नवीन लागला होता. नुकतंच लग्न झालेलं, घर शोधत होता. एक दिवस जेवताना म्हणाला, "सर, एक फ्लॅट पसंत पडला होता. फोनवर सगळं ठरलं. टोकन द्यायच्या वेळी नाव सांगितलं, तर म्हणाले ओनरला फॅमिलीच पाहिजे. मी म्हटलं, फॅमिलीच आहे. मग म्हणाले, ओनर तुमच्या लोकांना देत नाही."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. हॉलमध्ये हिरव्या काठाचे पडदे होते. ते पडदे माझ्या अम्मीने घेतले होते.

तो 'ओनर' मी होतो.

कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. "सर, सोसायटीत कटकट नको म्हणून आम्ही आधीच फिल्टर लावतो. तुमच्या सोयीसाठीच." मी करार काढून पाहिला. भाडेकरू निवडण्याचा संपूर्ण अधिकार कंपनीला, असं कलम होतं आणि खाली माझी सही होती. सोसायटीच्या सचिवांना विचारलं, तर त्यांनी असं काही कधी सांगितलंच नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, तिची आधी परवानगी घ्यावी लागत नाही, हेही मला तेव्हा कळलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घर मिळत नाही म्हणून आपण किती बोलतो. मी स्वतः शिकत असताना तीन ठिकाणी नकार ऐकला आहे. आणि माझ्याच घराच्या दारात, माझ्याच नावाने, दोन वर्षं तोच नकार दिला जात होता आणि त्याचं भाडं माझ्या खात्यात येत होतं. आणखी एक गोष्ट कबूल करतो. नकार मिळालेला मुलगा आपला होता म्हणून मला कळलं. त्या दोन वर्षांत त्या फिल्टरमध्ये एखादा बौद्ध मुलगा, एखादी एकटी राहणारी मुलगी, ईशान्येकडचं कोणी अडकलं असेल, तर ते मला कधीच कळणार नव्हतं. आणि कळलं असतं तर मी इतका हललो असतो का, हा प्रश्न अजून मनात आहे.

मी कंपनीचा करार संपवला. तेव्हा दुसरा घोळ निघाला. त्या वेळच्या भाडेकरूचे ५० हजार डिपॉझिट कंपनीकडे होते. तो घर सोडून गेला, कंपनी आज देतो, उद्या देतो करत राहिली. मी त्याला कंपनीचा नंबर दिला. अब्बांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घर तुझं आहे ना? मग अमानत पण तुझ्याकडेच आहे. त्याला नंबर कशाला देतोस?" मी पैसे माझ्या खात्यातून दिले. कंपनीकडून ते मिळायला मला आठ महिने लागले.

परभणीच्या त्या मुलाला मी घर देऊ केलं. पण तोवर त्याने कोंढव्यात घेतलं होतं आणि ११ महिन्यांचा करार झाला होता. वर्षभर तो रोज हिंजवडीपर्यंत जाऊन-येऊन करत राहिला.

आज ते घर मी स्वतः सांभाळतो. महिन्यातून दोन तास जातात. करार ऑनलाइन नोंदवतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतो, एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन ओळखीचे आहेत. ज्या दोन तासांसाठी मी वर्षाला १६ हजार आणि माझं नाव देत होतो, ते काम एवढंच होतं.

घर कोणाच्या नावावर?

शेवटचा मुद्दा, जो आपल्या घरांत सहसा निघत नाही. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे आणि घर मुलाच्या नावावर, असं सर्रास होतं. मुलगा म्हणतो मीच तर सगळं बघतो. मग बहिणींचं काय? कुरआनने ठरवून दिलेला त्यांचा हिस्सा आपण नुसता भाषणात सांगतो. आमच्या घराच्या कागदावर माझं, अब्बांचं आणि माझ्या आपाचं नाव आहे, कोणाचे किती पैसे ते लिहून ठेवलं आहे आणि भाडं त्याच प्रमाणात वाटलं जातं. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. ५० लाखांवर ५० हजार वाचतात. अम्मीच्या नावावर घर घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

जकातीबद्दल नेहमी विचारतात. बहुतेक उलेमांच्या मते भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून उरलेली आणि वर्षभर टिकलेली बचत निसाबमध्ये बसत असेल, तर त्यावर अडीच टक्के आहे.

तर मग घ्यायचं की नाही?

तुमच्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाची वेगळी शिल्लक नसेल, आरोग्य विमा नसेल, किंवा सगळी आयुष्याची बचत एकाच फ्लॅटमध्ये जाणार असेल, तर आत्ता नको. पैसे लागले तर घराची एक खोली विकता येत नाही. या अटी पूर्ण होत असतील, ओसी असलेलं घर असेल, वहीतला हिशोब स्वतः केला असेल आणि सव्वादोन-तीन टक्के भाडं चालणार असेल, तर तयार घर हा वाईट पर्याय नाही. पहिलं घर मात्र स्वतः जाऊन येता येईल इतक्या अंतरावरच घ्या. एक वर्ष स्वतः सांभाळा. काम काय आहे ते कळल्यावर मग ते कोणाला द्यायचं असेल तर द्या.

आणि देखभाल कंपनीशी करार करताना चार गोष्टी लिहून घ्या. भाडं आणि डिपॉझिट थेट माझ्या खात्यात येईल. सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र देणार नाही. एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येईल. आणि धर्म, जात, खाणं किंवा एकटं असणं या कारणाने कोणालाही नाकारलं जाणार नाही, नकार दिलाच तर त्याचं कारण मला लेखी कळवलं जाईल. चौथं कलम वाचून एखादी कंपनी नको म्हणाली, तर ती कशी आहे ते तुम्हाला फुकटात कळलं.

तुमच्यातले बरेच जण पुढच्या दहा वर्षांत घरमालक होतील. आज भाडेकरू म्हणून ज्या दाराबाहेर उभे आहात, त्याच्या आत उद्या तुम्ही असाल. तेव्हा फोन कोण उचलतं आणि तुमच्या नावाने काय बोलतं, ते अधूनमधून स्वतः ऐका.

 आता तुमचे प्रश्न घेतो.